पहिला दिवस कुठला

हिंगणवस्ती, ता. माण, जि. सातारा
८ नोव्हेंबर १९७५

चि. शालू,

सांगलीहून मी, कृष्णात आणि सूनबाई राही, तिघं सुखरूप पोचलो. म्हसवडच्या पुढं गाडी मिळाली नाही, पाच मैल चालत आलो. माझा गुडघा अजून कुरकुरतो आहे. ते राहू दे.

तू दवाखान्यात सगळं नीट सांगितलंस. पण तिथं बाकावर सगळ्या बाया, मी एकटा म्हातारा पागोटं सांभाळत बसलेला. तू बोलत होतीस तेव्हा माझं निम्मं लक्ष दाराकडं होतं, गावचं कुणी बघतंय की काय म्हणून. त्यामुळं निम्मं डोक्यात राहिलं आणि निम्मं तिथंच बाकावर राहिलं. त्या काचेच्या नळीचं आणि चौकटीच्या कागदाचं नक्की काय करायचं ते मला पुन्हा लिहून पाठव. मी तिसरी पास आहे, सावकाश वाचतो पण वाचतो.

डॉक्टरीणबाई कृष्णातलाही तपासायचं म्हणाल्या तेव्हा मला राग आला होता, तो तुला दिसला असेल. बाहेर चहा पिताना कृष्णातच मला म्हणाला, "आबा, मेंढरं रिकामी राहिली तर तुमी आदी काय बघता?" मी म्हणालो, मेंढा. "मग?" म्हणाला आणि उठून आत गेला. आता त्याच्यात दोष नाही आणि राहीतही मोठा दोष नाही असं तुम्ही म्हणता. मग सहा वर्षं पाळणा का हलत नाही, हे मला कळत नाही.

तुझ्या मामीला तर काहीच ऐकायचं नाही. तिनं जतकडची तिच्या नात्यातली एक पोरगी कृष्णातसाठी मनात धरली आहे. मेंढरं ज्येष्ठात परत येतील तोवर राहीला दिवस गेले नाहीत तर दुसरी आणायची, असं तिनं चुलीपुढं बसून मला सांगितलं. राही बाहेर शेण गोळा करत होती. तिनं ऐकलं. तिच्या हातातली पाटी हलली नाही, पण तिनं ऐकलं.

तू नर्सिंग शिकायला मिरजेला निघालीस तेव्हा मीच आष्ट्याला येऊन तुझ्या बापाला म्हणालो होतो, पोरीला परक्यांच्या बाळंतपणात हात घालायला पाठवू नका. ते तू विसरली नसशील. आता विसर.

उत्तर लवकर दे.

नाथामामा


सांगली
१४ नोव्हेंबर १९७५

मामा,

विसरले नाही, पण राग नाही. आईच्या माघारी तुम्हीच मला खांद्यावर बसवून जत्रेला नेत होता, तेही विसरले नाही.

आता नीट वाचा. काचेच्या नळीला थर्मामीटर म्हणतात. राहीवहिनीनं सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठायच्या आधी, पाणीसुद्धा पिण्याआधी ती जिभेखाली पाच मिनिटं धरायची. पारा जिथं थांबेल तो आकडा कागदावर बघून त्या दिवसाच्या घरात ठिपका द्यायचा. महिना सुरू झाला की एकपासून घरं मोजायला लागा. एक दिवस पारा थोडा चढतो आणि पुढं चढलेला राहतो. त्या चढाच्या आदल्या एकदोन दिवसांतच बाईला दिवस जाण्याची वेळ असते. महिन्यातली बाकीची सगळी धडपड फुकट.

म्हणून बाराव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत कृष्णातदादा घरी पाहिजे. मेंढरं कुठं आहेत, त्याला कसा आणायचा, ते तुम्ही बघा. माझ्याकडं इथं सदतीस बायकांच्या तारखा आहेत. कुणाचा नवरा कुपवाडच्या कारखान्यात रातपाळीला, कुणाचा लष्करात. औषधापेक्षा माणसं वेळेवर एका घरात आणणं हेच माझं निम्मं काम आहे.

पाळी परत आली की कागद मला पाठवा.

शालू


हिंगणवस्ती
२ डिसेंबर १९७५

चि. शालू,

तुझं पत्र सात वेळा वाचलं. आता सांगतो तसं चाललं आहे, चुकत असेल तर कळव.

मागच्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, राही न्हाऊन घरात आली. त्याच दिवशी कागदावर एकपासून सुरुवात केली. राही सकाळी नळी तोंडात धरते, मग पदरानं पुसून उंबऱ्यावर ठेवते आणि आत निघून जाते. मग मी चष्मा लावून उजेडाकडं धरतो. सुनेच्या तोंडातली वस्तू सासऱ्यानं निरखायची, हे मला पहिल्या दिवशी फार जड गेलं. पण घरात आकडा वाचणारा मीच. पारा दिसतो आणि दिसत नाही. नळी फिरवावी लागते. एकदा हातातून निसटलीच होती, पागोट्यात झेलली. तेव्हापासून खाली घोंगडं अंथरून बघतो.

कृष्णातचं सांगतो. या वर्षी त्यानं मेंढरं घाटाखाली नेली नाहीत, मुद्दाम जवळ, आपल्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या रानात ठेवली आहेत. तो घरी आला तर मेंढरांमागं कोण? तर तुझ्या मामीचा भाऊ आकाराम जायला तयार झाला आहे. तयार म्हणजे, बहिणीनं सांगितलं म्हणून. पत्र खंडाळ्याच्या चहावाल्याच्या पत्त्यावर जातं, आणि तो कार्ड मोठ्यानं वाचून दाखवतो. त्यात खरं कसं लिहायचं? म्हणून मी लिहिलं, "बैल विकायचा आहे, नऊ तारखेला घरी ये." आता सगळा तळ त्याला बैलाचा भाव विचारतो म्हणे.

बारावा दिवस नऊ डिसेंबरला येतो. मी बोटांवर तीनदा मोजला आणि खडे मांडून एकदा.

नाथामामा


हिंगणवस्ती
२४ डिसेंबर १९७५

चि. शालू,

कागद सोबत पाठवला आहे. ठिपके वेडेवाकडे आहेत, पण खरे आहेत.

कृष्णात नऊला आला, चौदाला गेला. पाच दिवस घर भरल्यासारखं होतं. राहीनं त्याला आवडतं म्हणून हुलग्याचं माडगं केलं. मला वाटलं, आता होईल. मला वाटलं की होत नाही, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

परवा राही पुन्हा बाहेर बसली.

घरात बाकी सगळं ठीक आहे.

नाथामामा

ता. क. ठीक नाही. राही बाहेर बसते त्या घरामागच्या खोपटाकडं तोंड करून तुझी मामी बोलते, तिला ऐकू जाईल असं. "सांगलीची नळी झाली, कागूद झाला, नवरा आणून दिला. आता काय बिरोबानं सोता येऊन फुकायचं हिच्यात?" असं म्हणाली.  मी तिथंच बसून ऐकलं.


सांगली
३० डिसेंबर १९७५

मामा,

कागद घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या एकेक घर मोजत गेल्या आणि म्हणाल्या, "चोवीसच दिवस? पहिल्या भेटीत ही बाई अठ्ठावीस दिवसांची पाळी सांगत होती."

मग मी टेबलावर तुमची सगळी पत्रं काढली. दोन तारखेच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे, राही न्हाऊन घरात आली त्याच दिवशी एकपासून सुरुवात केली. ते वाचलं आणि मी कपाळावर हात मारला.

मामा, ती बाहेर बसली ते चार दिवस तुम्ही मोजलेच नाहीत. पहिला दिवस म्हणजे पाळी सुरू झाली तो दिवस, चोवीस नोव्हेंबर. तुमचा एक तो खरा पाचवा. पारा आठ डिसेंबरला चढला, म्हणजे वेळ सात तारखेची होती. दादा आला नऊला. पाहुणा निघून गेल्यावर आपण पाट मांडला.

चूक माझीही आहे. पहिला दिवस कुठला ते मी लिहिलंच नाही. मी त्याच घरांत वाढले, मीही ती खोपटं बघितली आहेत. पण दहा वर्षं दवाखान्यात राहून माझ्या डोक्यातून गेलं की आपल्याकडं त्या चार दिवसांना कुणी दिवसच धरत नाही.

आता ऐका. चढ फार बारीक आहे, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आहेत. पाच गोळ्या, रोज एक, खऱ्या पाचव्या दिवसापासून. मोजणी चुकली तर गोळ्या आणि महिना दोन्ही वाया. पाळी बावीस डिसेंबरला आली म्हणता, म्हणजे पुढची एकोणीस जानेवारीच्या आसपास येईल. थर्मामीटर त्या दिवसापासूनच लावायचा, खोपटात. गोळ्या आणि नवा कागद म्हसवडच्या गाडीतल्या कंडक्टरजवळ देते. स्टँडवरून न्या.

आणि मामीला सांगा. राहीवहिनीचं काही चुकलं नव्हतं.

शालू


हिंगणवस्ती
९ जानेवारी १९७६

चि. शालू,

गोळ्या मिळाल्या. पुडी मी पागोट्यात ठेवली होती, मग घाम लागेल म्हणून काढून डब्यात ठेवली, मग उंदीर खातील म्हणून डबा आढ्याला टांगला. आता वर बघत बसतो.

तुझी मामी चार दिवस जतला जाऊन आली. पोरगी बघून आली. सोळा वर्षांची आहे, दात पुढं आहेत पण कामाला चांगली, असं सांगत होती. मी हूं म्हणालो.

मोजणी माझी चुकली, हे मी घरात अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी सांगायचं ठरवतो. तुला वाटेल मामा भित्रा आहे. आहेच. चाळीस वर्षं या घरात मोजदाद माझ्याकडं आहे. मेंढरं किती, व्यायला किती आल्या, लोकर किती निघाली. एवढ्या वर्षांत आकडा चुकला असं कुणी म्हणालं नाही. आता मीच म्हणायचं की चुकला, तोही असल्या गोष्टीत.

आणि दुसरं. नळी खोपटात कशी न्यायची? घराला बिरोबाचा देव्हारा आहे, मेंढरं आहेत. बाहेर बसलेलीनं धरलेली वस्तू मी हातात घेतली आणि मेंढरांना काही झालं तर? तुम्हा शिकलेल्यांना हसू येईल. मला झोप येत नाही.

नाथामामा


सांगली
१४ जानेवारी १९७६

मामा,

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे, पण गोड बोलणार नाही.

मला हसू आलं नाही. पण एक विचारते. मेंढी अडली की तुम्ही कोपरापर्यंत हात घालून कोकरू ओढून काढता. मी लहानपणी बघितलं आहे. तेव्हा बिरोबा रागावला नाही, आणि एका नळीला रागावेल?

तुमचा आकडा चुकला हे तुम्ही सांगत नाही, म्हणून ती बाई खोपटात बसून शिव्या खाते. तुमची लाज तिच्या डोक्यावर ठेवली आहे तुम्ही. उतरवा.

एकोणीसला पाच दिवस राहिले.

शालू


हिंगणवस्ती
२६ जानेवारी १९७६

चि. शालू,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही, आणि नंतर दोन दिवसांचं एकदम जेवलो.

राही सोमवारी बाहेर बसली. एकोणीस तारीख, तू म्हणालीस तीच. मी नळी घेऊन घरामागं खोपटापाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. दाराशी उभा राहून खाकरलो.

आतून राही म्हणाली, "आबा, तिकडंच थांबा. मी इटाळशी हाय."

"म्हाईत हाय. हे धर."

"न्हाई धरायची. मेंढरं हायती, देव हाय."

"धर म्हणतो न्हवं. आजपास्नं मोजायचं हाय. आज पयला दिस."

तेवढ्यात तुझी मामी घागर घेऊन आली. तिनं ती खाली ठेवली नाही, आदळली. "आवं, डोस्कं फिरलं का तुमचं? म्हातारपनी खोपटाच्या दारात?"

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, पण असं काहीतरी म्हणालो, "बया, मागल्या येळंला पोरीचं काय चुकलं न्हवतं. माझं चुकलं. हे चार दिस मी धरलंच न्हाईत. किसना आला तवा येळ निघून गेलती."

ती म्हणाली, "मंजी मी महिनाभर हिला बोलतीया ते..."

"व्हय."

"आनी तुमी बसून ऐकत व्हता?"

"व्हय."

"गप?"

"गप."

शालू, तुझी मामी बयाबाई चिडली की मला भीती वाटत नाही, सवय आहे. त्या दिवशी ती चिडली नाही. घागर उचलली, ती फुटली होती, तशीच गळती घागर घेऊन घरात गेली. मी खोपटाकडं वळलो तर दारातून राहीचा हात बाहेर आला होता. नळी घेतली. म्हणाली, "किती येळ धरायची आज, आबा? मगाशीच पानी पिले मी." मग आम्ही पहिला ठिपका दुसऱ्या दिवशी दिला. पहिल्या घरात मी नुसती रेघ मारली. चालेल ना?

तिसऱ्या दिवशी घरी ठेवलेल्यांतलं एक कोकरू लंगडायला लागलं.  तुझी मामी म्हणाली, "बघा." मी कोकरू मांडीवर घेतलं, खूर उघडून बघितला, बाभळीचा काटा होता. काढला. कोकरू उड्या मारत गेलं. तुझ्या मामीनं तो काटा माझ्या हातातून घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि चुलीत टाकला.

गोळ्या तेवीसपासून सुरू केल्या, पाचव्या दिवशी. सकाळी माझ्यासमोर घेते. उद्या शेवटची.

आता अडचण. बारावा दिवस तीस तारखेला येतो आणि आकाराम जायला तयार नाही. म्हणतो, "मागल्या बारीला मला कुत्र्यावानी पळिवलं. माझा हरबरा काढणीला आलाय." त्याचं खरं आहे. म्हणून मीच खंडाळ्याला जातो. गुडघा आहे तसा घेऊन जातो. मेंढरं काही माझ्या गुडघ्याकडं बघून चरत नाहीत.

मग इथं पारा कोण बघणार? राहीला शिकवतो आहे. तिला आकडा येत नाही, पण दोनशे मेंढरांत एक कमी असली तर ती लांबून सांगते. काल मी म्हणालो, आठव्या रेघेवर आहे. ती म्हणाली, "सातव्या, आनी वर एक बारीक. तुमी तिरकं धरताय." सरळ धरून बघितलं, तिचंच बरोबर. मागच्या कागदावरचे माझे ठिपके किती खरे, देव जाणे. डॉक्टरीणबाईंना सांगू नको.

नाथामामा


खंडाळ्याच्या रानातून
३ फेब्रुवारी १९७६

चि. शालू,

हे पत्र गुडघ्यावर लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. कृष्णात एकोणतीसला इथून गेला. जाताना चहावाला म्हणाला, "काय किसनराव, बैल अजून इकलाच न्हाई?" कृष्णात म्हणाला, "गिऱ्हाईक चार दिस आदी येऊन गेलतं, आमास्नी कळलंच न्हाई." सगळे हसले. मीही हसलो, पण मला लागलं.

नऊ वर्षांनी मेंढरांमागं आलो आहे. थंडी आहे. पहाटेला घोंगडी भिजलेली असते. पण रोज उजाडलं की मला वाटतं, आता राहीनं नळी धरली असेल. आता पाच मिनिटं झाली असतील. ती मिनिटं कशी मोजते माहीत आहे? जात्यावरची एक ओवी पुरी झाली की एक मिनिट. मनातल्या मनात पाच ओव्या म्हणते, तोंडात नळी धरून.

तुझी मामी कृष्णातबरोबर बोलली का, काय बोलली, मला इथं काही कळत नाही. ती राहीला सकाळी लवकर उठवेल आणि सगळा आकडा बिघडेल, याची काळजी आहे. गोळी उलटली तर, याची काळजी आहे. कृष्णातला एस्टी वेळेवर मिळाली का, याची आहे. एक मेंढी आज व्याली, जुळी आहेत. हे चांगलं लक्षण आहे की उगाच, ते कळत नाही.

नाथामामा


हिंगणवस्ती
२७ फेब्रुवारी १९७६

चि. शालू,

मी घरी येऊन तीन आठवडे झाले. लिहिलं नाही, कारण लिहिलं की बिघडतं असं वाटत होतं.

पारा चार फेब्रुवारीला चढला. कृष्णात त्या दिवशी अजून घरीच होता, पाचला निघाला. सोबतच्या कागदावर राहीनं दिलेले ठिपके बघ, मेंढीच्या कानावर खूण करावी तसे नेमके आहेत. चढला तो उतरला नाही. सोळा तारीख आली, मी दिवसभर अंगणात बसून खोपटाकडं बघत होतो. राही घरातच होती. सतरा, अठरा. वीस तारखेला तुझ्या मामीनं तिच्या हातातून पाण्याची घागर काढून घेतली. नवी घागर.  तिथून पुढं पाणी तीच आणते आणि माझ्याशी भांडते.

राहीला सकाळी भाकरीचा वास सहन होत नाही. मी तिला काही विचारलं नाही. सासऱ्यानं काय विचारायचं? मी आपला पारा विचारतो, ती पारा सांगते.

आज चाळिसावा दिवस. कागदाला चाळीसच घरं आहेत. उद्या ठिपका द्यायला घर नाही. तेव्हा उलट टपालानं दुसरा कागद पाठव. कृपा करून उशीर करू नकोस. तोवर मी तुझ्या जुन्या पत्राच्या पाठीमागच्या बाजूला रेघा मारून घेतो.

नाथामामा


सांगली
४ मार्च १९७६

मामा,

कागद पाठवत नाही.

राहीवहिनीला घेऊन या. बुधवारी, दहा तारखेला. डॉक्टरीणबाईंनी तुमचं पत्र आणि कागद दोन्ही बघितलं. तपासल्याशिवाय त्या हो म्हणत नाहीत, पण कागद त्यांनी परत दिला नाही. मेजाच्या काचेखाली ठेवला आहे, दुसऱ्या बायकांना दाखवायला. ठिपके कुणी दिले विचारत होत्या. मी म्हटलं, शाळेत न गेलेल्या बाईनं.

गाडीत वहिनीला पुढच्या बाजूला बसवा. मागच्या चाकावर नको. आणि तुम्ही काळजी करा, पण तिच्यासमोर करू नका.

शालू


हिंगणवस्ती
१३ मार्च १९७६

चि. शालू,

तुझ्यासमोर सगळं बोलायचं राहून गेलं, म्हणून आता लिहितो.

तुझ्याकडं येताना गाडीत कंडक्टर मला म्हणाला, "काय मामा, सुनंला घिऊन सांगलीला? पोरं थांबवायच्या आपरेशनला का? आजकाल समदी त्याच वाटंला हायती." मी म्हणालो, "न्हाई गड्या, आमचं उलटं हाय." सगळी गाडी हसली. राहीनं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते. सहा वर्षांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

घरी आलो तर तुझी मामी दारातच उभी. विचारायचं आहे, पण विचारणार नाही, अशी. मी डॉक्टरीणबाईंनी दिलेलं कार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. दिवस आहेत. ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेच्या आसपास, म्हणजे दिवाळीच्या वक्ताला. या खेपेला मेंढरं महिनाभर उशिरा हलतील. ती म्हणाली, "कवापास्नं मोजलं त्यांनी?" मी म्हणालो, "एकोणीस जानेवारी."

तिनं बोटं मोजली. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "आवं, चुकलंय. किसना तर तीस तारखंला आला. एकोनीसला तर ही बाहीर बसलीती."

मी तुला हेच विचारलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, मामा, जगभर असंच मोजतात, मूल पोटात राहतं त्याच्या आधीपासून, बाई बाहेर बसते त्या पहिल्या दिवसापासून. तसंच मी तिला सांगितलं. ज्या चार दिवसांना आपण दिवस म्हणत नाही, तिथूनच पोराचे नऊ महिने सुरू होतात.

तिनं पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं. मग म्हणाली, "मंजी आपलं पोर खोपटापास्नं धरायचं?"

"व्हय."

"त्या गळक्या खोपटापास्नं?"

"व्हय म्हणतो न्हवं."

काल दिवसभर मला ती घरात दिसली नाही. दुपारी मी पाठीमागं गेलो तर खोपटाचं जुनं पाचट सगळं काढून बाहेर टाकलेलं. आकाराम वर चढून नवं छप्पर शाकारत होता आणि तोंडानं कुरकुरत होता. तुझी मामी आत गुडघ्यांवर बसून जमीन सारवत होती. मला बघून म्हणाली, "हुबं काय ऱ्हायलाय? पानी आणा."

मी आणलं.

अजून सात महिने जायचे आहेत. त्यात काय काय होऊ शकतं, याची मी एक यादी केली आहे, पण ती पाठवत नाही. जतला निरोप गेला, पोरीचं दुसरीकडं बघा म्हणून. थर्मामीटर परत पाठवतो आहे. कापसात गुंडाळला आहे, कापूस घोंगडीच्या तुकड्यात, तुकडा डब्यात. सदतिसातल्या दुसऱ्या कुणाला तरी दे. आणि देताना पहिला दिवस कुठला, ते आधी सांग.

तुझा मामा,
नाथाजी